अर्धा कोयता

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातली ऊसतोड कुटुंबं पश्चिम महाराष्ट्राची, कर्नाटकाची वाट धरतात. कारखान्यासाठी मजूर जमवणारा मुकादम मजूर मोजतो ते कोयत्यावर. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटाच गडी आला तर तो अर्धा कोयता. म्हणजे निम्मं काम बाईचं, हे मुकादमाच्या हिशेबालाही मान्य आहे. तरी जोडीवरची उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, घेतो नवरा, आणि ती कशावर खर्चायची हेही बहुतेक घरांत तोच ठरवतो. फेडायची मात्र दोघांनी. तोडणीचा दर टनावर असल्यामुळे त्यानं तोडलेला ऊस आणि तिनं बांधलेल्या मोळ्या एकाच वजनात जातात, मजुरीही एकाच हातात पडते.

बाईनं पहाटे उठून भाकरी थापायच्या, दिवसभर फडात राबायचं, डोक्यावरून मोळ्या गाडीत चढवायच्या आणि कोपीवर, म्हणजे मुक्कामाच्या झोपडीत, परतल्यावर पुन्हा चूल पेटवायची. चुलीचं काम कुठल्याच हिशेबात नाही. खाडा झाला तर पैसे कापले जातात, मग कारण पाळीचं असो की आजारपणाचं. पाळीचा खाडा टळावा म्हणून बीडमधल्या ऊसतोड बायकांचं गर्भाशय काढलं जातं, अशा तक्रारींवरून 2019 मध्ये सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. इतक्या टोकाला गोष्ट जाते तेव्हा दोष केवळ दवाखान्यांचा राहत नाही, मजुरीच्या रीतीचाही असतो.

गावातल्या शेतावरही वेगळं काही नाही. समान वेतनाचा कायदा 1976 मध्येच झाला. कायदा सारख्या कामाला सारखं दाम मागतो. पण शिवारात कामंच वाटून टाकलेली आहेत. खुरपणी, लावणी, कापूस वेचणी बाईची. नांगरट, फवारणी, पोती उचलणं गड्याचं. बाईचं काम हलकं ठरवलं की रोजही हलका. दिवसभर उकिडवं बसून, कमरेत वाकून केलेलं काम हलकं कसं, हे ठरवणाऱ्यानं एकदा कांद्याची लावण करून पाहावी. ट्रॅक्टर आला तर त्यावर बहुधा पुरुषच बसतो आणि जादा दामही त्यालाच मिळतं.

ज्यांची स्वतःची शेती आहे, तिथंही पैसा कागदामागं जातो. 2015-16 च्या कृषिगणनेत देशातल्या वहिवाटदारांत बायका जेमतेम 14 टक्के होत्या. सातबारा ज्याच्या नावावर, त्यालाच पीककर्ज आणि नुकसानभरपाई. शेतकरी संघटनेनं 1986 मध्ये चांदवडला महिला अधिवेशन भरवलं, पुढं लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली आणि अनेक शेतकऱ्यांनी स्वखुशीनं बायकोच्या नावे जमीन केली. आपल्याच गावांतून हे घडलं आहे. त्यासाठी कुठला नवा शोध लागत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. मुकादमाच्या करारावर दोघांची नावं हवीत. उचल आणि तोडणीचे पैसे निम्मे तिच्या खात्यात जायला हवेत. साखर कारखान्यांनी मनावर घेतलं तर येत्या हंगामापासून हे सुरू होऊ शकतं. आणि तुमच्या घरी शेती असेल, तर सातबाऱ्यावर तिचं नाव लावायला आजच तलाठ्याकडे जा.