विठ्ठलाचं गाणं आणि पुढचं गाणं

अमेरिकेत कंट्री गाणाऱ्यांनी कधीतरी ख्रिसमसचा अल्बम काढायचा, हा जवळपास रिवाजच आहे. विली नेल्सनने 1979 साली काढला, डॉली पार्टन आणि केनी रॉजर्सने 1984 साली. डिसेंबर आला की हीच गाणी पुन्हा वाजतात. आपल्याकडे तो महिना आषाढ. आमच्या जेऊरमध्ये एकादशीच्या आठवड्यात चहाच्या टपरीवर, टमटममध्ये, केळीच्या टेम्पोत एकच आवाज असतो, प्रल्हाद शिंदेंचा. ते 2004 साली गेले, तेव्हा मी दुसरीत होतो. तरी त्यांचं 'पाऊले चालती' मला कुणी शिकवल्याचं आठवत नाही. इथल्या पोरांना ते येतंच.

शिंदे मूळचे मंगळवेढ्याचे. त्यांनी कव्वाल्या गायल्या, भीमगीतं गायली आणि विठ्ठल, गणपती, सत्यनारायणही गायले. इथेच माझा एक मित्र अडतो. त्याच्या घरी बाबासाहेबांच्या 22 प्रतिज्ञा फ्रेम करून लावल्यात. पहिल्या तीनमध्येच ब्रह्मा-विष्णू-महेश, राम-कृष्ण, गौरी-गणपती यांना देव न मानण्याचं वचन आहे. तो म्हणतो, "ज्या देवानं आपल्याला दारात उभं केलं नाही, त्याची जाहिरात आपल्याच गळ्यातून झाली. हे बरोबर होतं का?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मी एका देवस्थानाच्या देणगी पावत्यांचं सॉफ्टवेअर लिहिलंय. तुझी श्रद्धा आहे का, असं मला कुणी विचारलं नाही. पावती बरोबर छापली गेली, विषय संपला. पण कोडमध्ये 'मी' नसतो. भक्तिगीतात असतो. 'देवा, मला भेट' असं गाणारा स्वतःबद्दल बोलतोय, असं आपण धरून चालतो. मग त्याच्या मनात तसं नसेल तर ते खोटं ठरतं का?

मला तसं वाटत नाही. गाण्यातला तो 'मी' म्हणजे रिकामी ठेवलेली जागा आहे. 'पाऊले चालती' दत्ता पाटलांनी लिहिलं, मधुकर पाठकांनी त्याला चाल लावली, शिंदेंनी गायलं, आणि त्या 'मी'च्या जागी जाऊन बसते पाय सुजलेली एखादी म्हातारी, जिला या तिघांपैकी कुणाचंच नाव माहीत नसतं. तिची भक्ती खरी असेल तर गाणं खरं. गायकाच्या काळजाची झडती घ्यायचा हक्क तिला नाही, मला नाही, मित्रालाही नाही.

इथे कुणीतरी लगेच म्हणतं, कलेला कुठला आलाय धर्म! मग उदाहरणं येतात. 1952 च्या 'बैजू बावरा'तलं हरिदर्शनाचं भजन शकील बदायुनींनी लिहिलं, नौशादनी बांधलं, रफींनी गायलं. 'व्हाइट ख्रिसमस' लिहिणारा अर्व्हिंग बर्लिन ज्यू होता. खरं आहे. पण बर्लिनचं कुटुंब रशियातल्या ज्यूविरोधी हिंसेतून पळून अमेरिकेत आलं होतं, हे सांगायचं राहून जातं. तेवढं गाळलं की गोष्ट गोड होते.

शिंदेंच्या गोष्टीतूनही असंच काहीतरी गाळलं जातं. त्यांचा जन्म 1933 चा. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींनी उपोषण केलं ते मे 1947 मध्ये. म्हणजे ज्या विठ्ठलाला या आवाजानं कॅसेटमधून घराघरात नेलं, त्याच्या देवळात वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत या माणसाला जाता येत नव्हतं. मंगळवेढ्याशीच ज्यांचं नाव जोडलं गेलंय त्या चोखोबांची समाधी आजही महाद्वारासमोर आहे, बाहेर. 'कलेला धर्म नसतो' हे वाक्य म्हणूनच मला पटत नाही. ते म्हणायला काही खर्च येत नाही. गाणाऱ्याला आला असणार.

म्हणून मला वाटतं, प्रामाणिकपणाचा प्रश्न ऐकणाऱ्याला विचारायला हवा. मागच्या आषाढीला स्टेशनजवळच्या टपरीवर यूट्यूब चालू होतं. विठ्ठलाचं गाणं संपलं आणि आपोआप पुढचं लागलं. आवाज तोच, ढोलकी तशीच, फक्त गाणं भीमाचं. मालकानं हात पुसला, फोन उचलला, गाणं पुढे ढकललं. रागानं नाही, सवयीनं, जाहिरात स्किप करतात तसं. आम्ही पाचसहा जण होतो, कुणी मान वर केली नाही. मी ते पाहिलं, कारण मित्र शेजारी बसला होता.

सवय म्हणून सोडून देण्याइतकी ही गोष्ट लहान नाही. मे 2015 मध्ये शिर्डीत एका दलित तरुणाचा खून झाला, तेव्हा वादाचं कारण म्हणून बातम्यांत आलं ते मोबाईलची रिंगटोन. बाबासाहेबांवरच्या गाण्याची.

परतताना मी मित्राला म्हटलं, गायकानं दोन्ही गायलं, एकच ऐकायचं हे आपण ठरवलं. तो म्हणाला, "आमच्या घरी दोन्ही लागतात. आजी विठ्ठलाची लावते, बाप भीमाची. एकमेकांची बंद कुणी करत नाही." मग थोडं थांबून, "पण तू माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाहीस. तू फक्त दुसऱ्याला विचारलास."