राजेपण राहते कशात?

इंडोनेशियाच्या रिआऊ द्वीपसमूहात, तांजुंग पिनांग बंदरासमोर पेन्येंगात नावाचे चिमुकले बेट आहे. १९व्या शतकात तिथे मलय राजकुळ नांदत होते. आज राजा अली याच्या वाड्याच्या नुसत्या भिंती उरल्या आहेत. १९११ मध्ये डचांनी शेवटच्या सुलतानाला पदच्युत केले, तो सिंगापूरला गेला, आणि दोन वर्षांत सल्तनतच बरखास्त झाली.

पडका वाडा पाहून पाहुण्याला हळहळ वाटते. पण मलय समजुतीप्रमाणे राजाचे दैवी तेज, 'दौलत', वाड्यात वसतच नसे. वाडे बहुधा लाकडाचे, राजधान्याही हलत. मलाक्काच्या सुलतान मन्सूर शाहचा महाल जळाल्याचे मलय बखर सांगते. राज्य काही त्यामुळे बुडाले नाही.

मग ते तेज राहते कुठे?

एंकू पुतरी राजा हमिदा या राणीचे उत्तर ठाम होते: राजचिन्हांत. १८१२ मध्ये तिचा नवरा सुलतान महमूद वारला. त्याचे दोन मुलगे, दोन्ही तिचे सावत्र, गादीसाठी उभे राहिले. राजचिन्हे हमिदाच्या ताब्यात, आणि धाकट्या अब्दुल रहमानला ती द्यायला तिचा साफ नकार. १८१९ मध्ये इंग्रज अधिकारी रॅफल्सने थोरल्या हुसेनला सिंगापुरात सुलतान केले, तेही राजचिन्हांविनाच. अखेर १८२२ मध्ये डचांनी ती तिच्याकडून बळाने हिसकावली, तेव्हा कुठे अब्दुल रहमानचा राज्याभिषेक होऊ शकला. ईश्वरी कृपा परक्या अधिकाऱ्याला जप्त करता येत असेल, तर ती ईश्वरी कशी? या प्रश्नाला परंपरेने बगल दिली, असेच म्हणावे लागते.

बगल दिली नाही ती याच बेटावरच्या राजा अली हाजी या विद्वानाने. त्याच्या लेखी राजेपण वर्तनात असते: शरियत आणि न्याय सांभाळणे हे राजाचे कर्तव्य. १८४७ च्या 'गुरिंदाम दुआ बलास' या काव्यात त्याने प्रजेबरोबर राज्यकर्त्यांनाही उपदेश केला आहे. राजचिन्हांवर श्रद्धा ठेवण्यापेक्षा हे कठीण, कारण इथे राजाला रोज परीक्षा द्यावी लागते.

वाडा पडला, पण बेटावरची १८३२ ची पिवळी मशीद उभी आहे. तिच्या चुन्यात अंड्याचा पांढरा बलक घातला होता, असे लोक कौतुकाने सांगतात. तिचे १३ घुमट आणि ४ मिनार मिळून १७ होतात; दिवसभराच्या फर्ज नमाजाच्या रकातही तितक्याच. तिथे नमाज अजून होते. भाविक पुढे हमिदाच्या कबरीवर जातात. तिथल्या भिंतींवर गुरिंदाम लिहिलेले आहे, आणि ते रचणारा राजा अली हाजीही त्याच आवारात पुरलेला आहे.