दंतवैद्याची सज्जता

इतर वैद्य रुग्णाला क्षणभर ‘आ करा’ म्हणतात आणि डोकावून दूर होतात. दंतवैद्याचे सारे कार्यच त्या उघड्या मुखात चालते. मास्क लावून कोणी दाढ भरून घेऊ शकत नाही. शिवाय ड्रिल तापू नये म्हणून तीवर सतत पाणी सोडावे लागते आणि ते पाणी लाळेसह सूक्ष्म तुषार होऊन हवेत तरंगत राहते. म्हणूनच २०२० साली कोरोनाची साथ आली तेव्हा अनेक देशांत दंतवैद्यांची नेहमीची कामे थांबली. आपल्या केंद्र सरकारच्या १९ मेच्या मार्गदर्शक सूचनांनीही तातडीचे उपचार तेवढे चालू ठेवून बाकीचे पुढे ढकलण्यास सांगितले.

पुढे ढकलायचे, परंतु कुठवर? ३ ऑगस्ट रोजी जागतिक आरोग्य संघटनेने सुचविले की, जेथे साथ समाजात पसरत आहे तेथे ती पुरेशी ओसरेपर्यंत दातांची तपासणी, सफाई इत्यादी नित्याची कामे लांबणीवर टाकावीत. त्यावर नऊ दिवसांनी अमेरिकन डेंटल असोसिएशनने आपली तीव्र असहमती नोंदविली. दंतोपचार ही अत्यावश्यक आरोग्यसेवाच आहे आणि योग्य साधने वापरून ती देता येते, असे तिचे म्हणणे होते. मार्चमध्ये स्वतःच सदस्यांना थांबण्यास सांगणारी संस्था ती हीच, हे येथे ध्यानात घ्यावे.

आम्हांस हा वाद केवळ साधनांचा वाटत नाही. ‘नित्याचे’ हा शब्दच फसवा आहे. आज नित्याची असलेली कीड सहा महिन्यांनी मुळाशी पोहोचते आणि मग तिला तातडीचे म्हणावे लागते. थांबण्यालाही किंमत असते. ती बहुधा गरीब रुग्ण मोजतो आणि तिची नोंद कुठे होत नाही. या अर्थी दवाखाने उघडण्याची घाई करणारे निव्वळ पैशाचे लोभी होते, असे आम्ही म्हणणार नाही. (भाडे व कर्जाचे हप्ते त्यांनाही होतेच.)

त्याच ऑगस्टच्या अखेरीस आमच्या परिचयातील एका दंतवैद्यांनी फोन केला. “फादर, किट आणले, मास्क आणले, हवा खेळती राहावी म्हणून खिडकी मोठी करून घेतली. आता उघडू का?” आम्ही तत्काळ म्हणालो, “उघडा, डॉक्टर.” आमच्याच एका दाढेतील सिमेंट निघाले होते आणि घास अडकून ती ठणकत होती, हे येथे कबूल केले पाहिजे. सल्ला आम्ही देत नव्हतो, दाढ देत होती.

ते थोडे थांबून म्हणाले, “माझे ठीक आहे, मी जोखीम समजून घेतो. पण मदतनीस मुलगी आहे ना, तिच्या घरी दम्याची आजी आहे. मी विचारले तर ती येते म्हणाली. नाही कशी म्हणेल? पगार लागतो तिला.”

आम्ही निरुत्तर झालो. स्वतःचा जीव धोक्यात घालण्यास धैर्य म्हणतात. दुसऱ्याचा घालताना तोच शब्द कसा वापरावा? खुर्चीपाशी तुषारांत ती मुलगीही तितकीच उभी असते. थुंकीचे भांडे व अवजारे तीच धुते. पुढे ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतील एक पाहणी प्रसिद्ध झाली. जूनमध्ये दोन हजारांहून अधिक दंतवैद्यांना विचारले असता लागण झालेल्यांचे प्रमाण एक टक्क्याहून कमी आढळले होते. ही दिलासा देणारीच गोष्ट, म्हणजे घाई करणारे पुष्कळ अंशी खरे ठरले. परंतु त्या पाहणीत मोजले गेले ते दंतवैद्य, मदतनीस नव्हेत. आणि तो फोन आला तेव्हा तेवढेही कोणास ठाऊक नव्हते.

डॉक्टरांनी मग एक केले. आलीस किंवा न आलीस तरी पगार मिळेल, असे त्या मुलीला आधी सांगितले आणि नंतर पुन्हा विचारले. तिने घरी बोलण्यासाठी आठ दिवस मागून घेतले. त्या आठ दिवसांत आम्ही दाढेखाली लवंग धरून बसलो होतो.