अर्धी भाकरी

या गोष्टीतली सासू दुष्ट नाही, हे आधीच सांगून टाकतो. सासू-सून म्हटलं की वाचक पहिल्या ओळीलाच एका बाजूला जाऊन बसतात आणि मग गोष्ट ऐकायची राहून जाते.

गाव जामखेड तालुक्यातलं, काळ 1972 च्या दुष्काळानंतरचा. माणसं गोष्टीतली, पण त्या वेळी नगर जिल्ह्याच्या कोरडवाहू पट्ट्यात अशी घरं गल्लीगल्लीला होती. सून पहिलटकरीण. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तिचं माहेर दुष्काळात घर बंद करून पोटामागं निघून गेलेलं. त्यामुळे सातवा महिना लागला तरी ती सासरीच होती.

सहाव्या महिन्यापासून सासूनं नेम घालून दिला होता. सकाळी एक भाकरी, रात्री अर्धी. सोबत हुलग्याचं माडगं, तेही पातळ. शेंगदाणे बंद, केळं बंद, पपईचं तर नावही काढायचं नाही. कारण सगळ्या गावाला पाठ होतं: बाई जास्त खाते तसं पोटातलं पोर वाढतं आणि मोठं पोर अडतं. हे नुसतं ऐकीव नव्हतं. सासूची थोरली लेक अशीच अडून गेली होती. दोन रात्री कळा दिल्या, तिसऱ्या दिवशी बैलगाडी जुंपली, आणि गाडी निम्म्या वाटेवरून परत आली. ज्या बाईनं हे पाहिलंय ती सुनेच्या ताटातली भाकरी मोडून ठेवते तेव्हा तिच्या हाताला भीती असते, कंजूषपणा नसतो.

पण भूक ती भूक. सुनेनं ओच्यात मूठभर शेंगा लपवल्या आणि गोठ्यात बसून खाल्ल्या. शेजारणीनं पाहिलं. संध्याकाळी आडावर तोच विषय. "भस्म्या झालाय पोरीला." "सासू मोजून घालती तरी ही चोरून खाती." पाण्याला आलेल्या पंधरा तोंडांपुढं सून खाली मान घालून उभी राहिली. घरातल्या एका सासूची समजूत काढता येते, पण आडाची समजूत कोण काढणार?

आता गोष्टीत तिसरी बाई येते, आणि तिच्यासाठी थोडा खरा इतिहास सांगावा लागतो. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्यानं 1970 साली जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. आधी त्यांनी शिकलेल्या परिचारिका गावोगाव पाठवून पाहिल्या. बायकांनी त्यांचं ऐकलं नाही; शहरातून आलेल्या पोरीनं बाळंतपणाच्या गोष्टी सांगाव्यात, हेच त्यांना पटेना. मग आरोळ्यांनी उलटी वाट धरली. गावानंच आपल्यातली एक बाई निवडायची, तिनं जामखेडला येऊन शिकायचं आणि परत गावात जाऊन काम करायचं. निवडलेल्यांत कितीतरी जणी निरक्षर होत्या, कितीतरी दलित वस्तीतल्या. डॉक्टरी ज्ञान अशा हातांत देता येतं यावर तेव्हा भल्याभल्यांचा विश्वास बसला नव्हता.

आपल्या गोष्टीतली सेविका अशीच. वस्तीतली, अंगठाबहाद्दर, स्वतःची दोन मुलं लहानपणीच गमावलेली. गोठ्याच्या कुडाआड तिनं सुनेची खालची पापणी ओढून पाहिली. आत लाली नव्हतीच. दोरीनं उंची मोजली. आणि म्हणाली, "पोरी, चोरून खाऊ नको. चोरून खाल्लंस की तू चोर आन् त्या शाण्या. खायचं ते सासूम्होरं बसून खा."

"आत्याबाई खाऊ देतील व्हय?"

"ते मी बघते."

सेविका अंगणात बसली, ओट्याच्या खाली. सासू उंबऱ्याच्या आत. एवढं अंतर राखूनच बोलणं झालं.

"तुला चार बुकं शिकवली म्हून आता आमाला अक्कल शिकवतीस?"

"मला अक्षर येत न्हाई, आक्का. माझीबी दोन गेली, म्हून इचारते. तुमची लेक गेली तवा ती काय खात व्हती?"

"हेच. सातव्यात माहेरी आणली तवापासून अर्धी भाकरी. मीच मोजून देत व्हते."

बोलून झालं आणि सासू थांबली. आपण काय बोललो ते तिच्याच कानावर आता पडलं होतं. अर्धी भाकरी खाऊनसुद्धा लेक अडली होती. इतकी वर्षं हा हिशेब कुणी तिच्यापुढं मांडला नव्हता, आणि मांडला असता तर तिनं त्याला घराबाहेर काढलं असतं. सेविकेनं मांडला नाही, फक्त विचारलं. माझ्या मते या सगळ्या गोष्टीत डॉक्टरी कसब म्हणावं ते एवढंच.

"वय काय व्हतं तिचं?"

"पंधरावं."

"हाड वाढायच्या आत पोट वाढलं, आक्का. भाकरीचा काय दोष? तुमची सून उंचीला पुरती हाय. पर अंगात रगत न्हाई. बाळंतपणात रगत जातं; नसलेलं कुठनं जाणार? आन् अडलीच, तर दोन रात्री थांबायचं न्हाई. पहिल्या रातीलाच जामखेडला न्यायची."

त्या रात्री सासू काही बोलली नाही. सुनेच्या पानात दोन भाकरी पडल्या, तांदुळजाची भाजी आणि घट्ट वरण पडलं. सुनेनं सासूपुढं बसून सगळं खाल्लं.

पण गल्ली एवढ्यानं ऐकते थोडीच! दुसऱ्या दिवशी चुलत सासू मुद्दाम जेवणाच्या वेळी आली. "डोक्यावर बसवली का सून? उद्या अडली की रडत येशील." जुनी सून असती तर पान सरकवून उठली असती. ही उठली नाही, उलट उत्तरही दिलं नाही. म्हणाली, "आत्याबाईंनी वाढलंय. पानातलं टाकत न्हाई मी." आणि पुढचा घास घेतला. मग सासू बोलली, "माझी लेक मी उपाशी ठिवून घालवली. ही जेवून ऱ्हाती का बघू."

आडावर महिनाभर चघळायला हे वाक्य पुरलं. पण त्यातून एक चांगलं निघालं. गल्लीतल्या आणखी दोन गरोदर बायका दुपारच्या वेळी फडक्यात भाकरी बांधून या ओट्यावर येऊ लागल्या. आपल्या घरी त्यांना पोटभर खाता येत नव्हतं. इथं तिघी मिळून खायच्या. एकटी खाते तिला गाव खादाड म्हणतं. तिघी रोज खाऊ लागल्या की गाव चार दिवस बोलतं आणि मग दुसरा विषय शोधतं.

सेविकाही यायची. तिच्यासाठी चहाचा कप मात्र त्या घरात वेगळाच ठेवलेला असायचा, कोनाड्यात, पालथा. भाकरीचा नेम मोडला म्हणून सगळेच नेम मोडले असं सांगितलं तर गोष्ट छान होईल, पण खोटी होईल.

सून घरीच बाळंत झाली, सेविका आणि सुईण दोघी हजर असताना. मुलगी झाली, रडली, सगळं ठीक. मग सासूनं रिवाजाप्रमाणं पहिलं घट्ट पिवळसर दूध पिळून टाकायला वाटी पुढं केली. तीन दिवस बाळाला गुळाचं पाणी द्यायचं, अशी रीत होती. सेविका तेव्हा हात धुवायला बाहेर गेलेली. सून पडल्या पडल्या म्हणाली, "आत्याबाई, गाय व्यायली की तिचा चीक तुमी सांडत न्हाई. खरवस करून साऱ्या गल्लीला वाटता. माझ्या लेकीचाच का सांडायचा?" सासूनं वाटी खाली ठेवली. ही युक्ती सुनेला कुणी शिकवली नव्हती. त्याच दुधात बाळाला पहिल्या दिवसांत रोगांपासून राखणारी द्रव्यं असतात, हे तिला ठाऊक असायचं कारण नव्हतं. गायीचा चीक सांडत नाहीत तर आपल्या लेकीचाही सांडू नये, एवढंच तिला कळत होतं.

प्रकल्पाच्या गावांत 1971 साली हजार जन्मांमागं 176 बाळं वर्षाच्या आत दगावत होती. 1976 साली हा आकडा 52 वर आला. लसी, स्वच्छ पाणी, वेळेवर उपचार यांचा वाटा त्यात मोठा आहेच. पण लस टोचून घ्यायला आणि भाकरी पुरी खायला आधी घरात कुणीतरी "होऊ दे" म्हणावं लागतं, आणि ते म्हणायला लावण्याचं काम या बायकांनी ओट्याखाली बसून केलं. आरोळे दांपत्याला 1979 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. अशाच गावातल्या बायका आशा कार्यकर्त्या म्हणून गावागावांत नेमायचं केंद्र सरकारनं ठरवलं ते 2005 साली.

तुमच्याही गावात आज अशी एक आशाताई असेल. ती तुमच्या दारी येईल तेव्हा तिला अंगणात उभी ठेवू नका आणि सुनेला आत धाडू नका. दोघींना एका सतरंजीवर बसवा, आणि सासूबाई, तुम्हीही त्यांच्याशेजारी बसा.