‘बोलेल हळूहळू’ म्हणण्यापूर्वी

अंगणवाडीत दर महिन्याला बाळ वजनकाट्यावर ठेवलं जातं. आकडा नोंदवहीत जातो, पोषण ट्रॅकरमध्येही जातो, आणि तो कमी भरला तर सेविकेपासून प्रकल्प अधिकाऱ्यापर्यंत सगळ्यांना उत्तर द्यावं लागतं. ही शिस्त सहज आलेली नाही. एकात्मिक बालविकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झाली. पुढे मेळघाट आणि नंदुरबारमधल्या बालमृत्यूंनी वर्तमानपत्रांना, न्यायालयाला आणि विधिमंडळाला वर्षानुवर्षं अस्वस्थ केलं, तेव्हा कुठे मुलाचं वजन हा सार्वजनिक प्रश्न झाला. त्याच काट्यावरचं बाळ हाक मारल्यावर वळतं का, आईकडे बघून हसतं का, दीड वर्षाचं झालं तरी एकही शब्द का बोलत नाही, हे विचारलं नाही म्हणून मात्र अजून कोणाला जाब द्यावा लागत नाही.

हा प्रश्न मोजक्या मुलांचा नाही. देशातल्या पाच ठिकाणी, त्यात उत्तर गोवाही होता, दोन ते नऊ वर्षांच्या मुलांची पाहणी होऊन तिचे निष्कर्ष 2018 साली प्रसिद्ध झाले. सहा वर्षांखालच्या 9.2 टक्के आणि त्यावरच्या 13.6 टक्के मुलांत मेंदूच्या किंवा इंद्रियांच्या विकासाशी निगडित किमान एक अडचण आढळली: ऐकू न येणं, भाषेचा विकार, अपस्मार, सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता. ठिकाणागणिक प्रमाणात मोठा फरक होता. तरी या सरासरीने चाळीस मुलांच्या अंगणवाडीत अशी तीन-चार मुलं निघतात. सेविकेला ती बहुधा माहीत असतात. त्यांना कुठे पाठवायचं, हे माहीत नसतं.

घरात उत्तर तयार असतं. ‘त्याचा बापही तीन वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता.’ ‘जीभ जड आहे, वेखंड उगाळून चाटवा.’ या बोलण्याला अडाणीपणा म्हणून झटकणं मला पटत नाही. आजीने दहा-बारा मुलं वाढताना पाहिलेली असतात आणि त्यातली बरीचशी खरोखरच मागून बरोबरीला आलेली असतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2006 साली प्रसिद्ध केलेला अभ्यासही तेच सांगतो: निरोगी मुलं आधाराशिवाय चालायला लागतात ती साधारण सव्वाआठ ते साडेसतरा महिन्यांच्या दरम्यान. केवढी मोठी ही मुदत! शेजारचं मूल दहाव्या महिन्यात पावलं टाकतं म्हणून आपल्या मुलाची काळजी करायचं कारण नाही. पण मुदत कितीही मोठी असली तरी ती संपते, आणि ती संपल्याचं घरात कोणी सांगत नाही. शिवाय आलेलं बोलणं किंवा हसणं-बघणं हरवलं, तर कोणत्याही वयात एक दिवसही थांबू नये.

श्रवणदोषाचं उदाहरण बघा. जन्मतः बहिरं बाळ पहिले काही महिने इतर बाळांसारखंच हुंकार देतं, आवाज काढतं. ताट पडलं की जमिनीच्या कंपनाने दचकतं, दार उघडलं की उजेड बदलल्यामुळे वळतं, आई जवळ आली की तिच्या चेहऱ्याकडे बघून हसतं. घरच्यांची खात्री पटते की याला ऐकू येतं. पुढे त्याचे आवाज हळूहळू कमी होतात, आणि तेव्हा म्हटलं जातं, ‘स्वभावच शांत आहे.’ या शांतपणात भाषेची सर्वांत मोलाची वर्षं जातात. कारण मेंदूतली भाषेची जुळणी ऐकण्यावर होते, आणि त्यासाठी मेंदू सर्वांत तयार असतो तो पहिल्या दोन-तीन वर्षांत. म्हणून पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत श्रवणयंत्र व शिक्षण, असा दंडक तज्ज्ञ सांगतात. नवजात बाळाची ही तपासणी झोपेत होते, सुईसुद्धा टोचावी लागत नाही. सरकारी मदतीने होणाऱ्या कॉक्लिअर इम्प्लांटलाही वयाची मर्यादा आहे. मूल शाळेत गेल्यावर गुरुजींच्या लक्षात येतं, तोवर ती उलटून गेलेली असू शकते.

उशीर होण्याचं आणखी एक कारण आपण नीट तपासत नाही. मूल वेगळं वाटतं हे बहुतेकदा सर्वांत आधी आईच्या लक्षात येतं, आणि ते बोलून दाखवलं की पहिला ठपका तिच्यावरच बसतो. मोबाईल दाखवतेस, नोकरी करतेस, गरोदरपणात नीट खाल्लं नाहीस. एकदा असं ऐकलं की ती पुन्हा तोंड उघडत नाही. आईची शंका ही तपासणीची पहिली पायरी मानली, तर पुष्कळ मुलं वेळेवर डॉक्टरांपर्यंत पोहोचतील.

कागदावर व्यवस्था आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी 2013 मध्ये आपल्या पालघरमध्येच झाली. त्याच्या फिरत्या पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा जायचं, जन्मजात व्यंग, आजार, जीवनसत्त्वांसारख्या घटकांची कमतरता आणि विकासातला विलंब तपासायचा, आणि गरज असेल त्या मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवायचं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानेही मुलांच्या वार्षिक तपासणीची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. पण पथक येतं त्या दिवशी दोन वर्षांखालचं मूल अंगणवाडीत असतं का? ते आईबरोबर शेतात असतं. बीडमधल्या ऊसतोड कुटुंबाचं मूल तर दिवाळीनंतर पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा कर्नाटकातल्या फडावर असतं. गावच्या नोंदवहीत ते गैरहजर आणि कारखान्याच्या गावात त्याची नोंदच नाही. ऊसतोडीचे सहा महिने म्हणजे त्याच्या वयाचा केवढा हिस्सा!

आणि सापडलेल्या मुलाचं पुढे काय? थेरपी ही गोळी नव्हे. आठवड्यातून एक-दोनदा, महिनोन्‌महिने जावं लागतं. तालुक्याच्या टोकाच्या गावातून जिल्हा रुग्णालयात जायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, एसटीचं भाडं लागतं, धाकटं मूल कोणाकडे ठेवायचं हा प्रश्न उरतो. तिसऱ्या खेपेनंतर आई येणं थांबवते आणि तिच्या नावापुढे ‘पालक उदासीन’ असा शेरा पडतो. हा शेरा अन्यायाचा आहे. मदत घराजवळ नेण्याचा मार्ग महाराष्ट्रानेच देशाला दाखवला आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत गावातल्या बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. तिथला नवजात मृत्युदर साठ टक्क्यांहून अधिक घटल्याचं 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालं. आज आशाताई तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात घरी जावी अशी योजना आहे. त्या भेटीत बाळाशी कसं बोलायचं, कसं खेळायचं हे आईला दाखवता येतं, आणि विकासाच्या खुणा चुकल्या तर पुढे पाठवता येतं. त्यासाठी तिला प्रशिक्षण आणि कामाचा पुरेसा मोबदला मिळाला पाहिजे. कमी वजनाची, अतिदक्षता कक्षातून वाचलेली बाळं आता आपण घरी आणतो आहोत. त्यांच्यात विलंबाचा धोका जास्त असतो, म्हणून त्यांना वाचवल्यानंतरची जबाबदारीही आपलीच आहे.

काही डॉक्टर आणि पालक विचारतात, इतक्या लवकर शिक्का मारायचा का? शहरांत थेरपीचा बाजार भरला आहे, घाबरलेल्या आईबापांकडून पैसे काढले जातात. ही भीती खरी आहे. पण चाचणीतून कळते ती फक्त शंका. निदान पुढचं असतं, आणि दोन्हींतला फरक न सांगणाऱ्या केंद्राकडे जाऊ नये. दुसरं म्हणजे, निदानाची वाट पाहत मदत थांबवायची गरज नसते. दीड वर्षाच्या मुलाशी जास्त बोललं, त्याच्याबरोबर जमिनीवर बसून खेळलं, त्याच्या इशाऱ्याला प्रतिसाद दिला आणि पुढे ते नीट बोलू लागलं, तर काहीच बिघडत नाही. उलट वाट पाहत बसलं, तर वर्षं हातची जातात.

माता व बाल संरक्षण कार्ड बहुतेक घरांत असतं. लसीकरणाच्या तक्त्यापाशी न थांबता त्यातलं बाळाच्या विकासाचं पान उघडा. एखादी खूण वेळेत दिसली नाही तर आशाताईला सांगा, कान तपासून घ्या, जिल्हा रुग्णालयातल्या केंद्राची चौकशी करा. या कार्यक्रमातली तपासणी मोफत आहे. आणि पुढच्या ग्रामसभेत विचारा, की आपल्या अंगणवाडीत पथक शेवटचं कधी आलं, आणि त्या दिवशी हजर नसलेल्या मुलांना नंतर कोणी तपासलं.