दैवाची हद्द कुठून सुरू होते?

कराडजवळ वारुंजीला विमानाची धावपट्टी आहे आणि विद्यानगरला १९६० पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. अशा गावात पोरांना मॉडेल विमानांचं वेड लागलं तर नवल नाही. वेड लागलं की पहिली चौकशी ट्रान्समीटरची: चॅनल (स्वतंत्रपणे हलवता येणारी नियंत्रणं) किती, रेंज किती, किंमत किती? पण दोन दांड्या हलवून आभाळातलं यंत्र वळवू पाहणाऱ्याने आणखी एक प्रश्न स्वतःला विचारायला हवा. विमान कोसळलं, तर त्या कर्माचा कर्ता कोण?

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्म घडण्याची पाच कारणं दिली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. सगळं मीच करतो असं मानणाऱ्याला खरं दिसत नाही, असंही तिथे बजावलं आहे. ही मांडणी उड्डाणाला चपखल लागू पडते. मैदानात उभा देह हे अधिष्ठान, उडवणारा कर्ता, ट्रान्समीटर हे करण, बोटांची हालचाल ही चेष्टा. दैवाचा नंबर पाचवा. आपल्याकडे मात्र काही बिनसलं की आधी त्याच्यावरच खापर फुटतं.

७२ मेगाहर्ट्झच्या जुन्या सेटांच्या काळात दोघांनी एकाच फ्रिक्वेन्सीवर सेट चालू केले की विमान पडायचं. क्लबांनी यावर साधा उपाय काढला. फळ्यावर प्रत्येक फ्रिक्वेन्सीचा एक चिमटा. तो हातात आल्याशिवाय सेट चालू करायचा नाही. नशिबावर ढकलला जाणारा अपघात असा माणसाच्या जबाबदारीत आला. आजचे २.४ गिगाहर्ट्झचे सेट फ्रिक्वेन्सी आपोआप बदलतात आणि बाइंड केलेल्या, म्हणजे आधी जोडी जुळवलेल्या, रिसीव्हरशीच जोडलेले राहतात, त्यामुळे चिमट्यांची गरज उरली नाही.

सिग्नल मात्र आजही तुटू शकतो. त्या क्षणी विमानाने काय करायचं, हे आधीच ठरवून ठेवणं म्हणजे फेलसेफ. त्याची परीक्षा जमिनीवर होते. प्रोपेलर काढायचा, विमान घट्ट धरायचं, थ्रॉटल (मोटरचा वेग) थोडा वाढवायचा आणि ट्रान्समीटर बंद करायचा. मोटर थांबली पाहिजे. ती फिरतच राहिली, तर तेच विमान उद्या उसाच्या बांधावर उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर पूर्ण वेगाने जाऊ शकतं.

फळाची आसक्ती सोडावी, हे खरं. पण या शिकवणीचा आधार घेऊन तयारीत कुचराई करता येत नाही. सिग्नल तुटला हे एकवेळ दैव म्हणता येईल. फेलसेफ तपासला नाही, हा कर्त्याचाच दोष.

म्हणून पहिला सेट सहा चॅनलचा, फेलसेफ ठरवता येणारा आणि ट्रेनरची सोय असलेला घ्यावा. ट्रेनरमध्ये शिकवणाऱ्याचा आणि शिकणाऱ्याचा सेट जोडलेला असतो; शिकवणाऱ्याने स्विच सोडला की ताबा लगेच त्याच्याकडे परत येतो. मोड २ मध्ये थ्रॉटल डाव्या हाताला, मोड १ मध्ये उजव्या. शिकवणारा ज्या मोडवर उडवतो, तोच निवडावा. २०२१ च्या ड्रोन नियमांत २५ किलोपर्यंतच्या मॉडेल विमानांचाही समावेश आहे आणि ती नजरेच्या टप्प्यातच उडवायची असतात. धावपट्टी जवळ असलेल्या कराडकरांनी तर उडवण्याआधी सरकारी नकाशावर आपल्या जागेचा झोन पाहायलाच हवा.

पैसे कमी पडत असतील तर विमान लहान घ्या. फेलसेफ नसलेला सेट मात्र घेऊ नका.