अठरा हातांची देवी, पासष्ट टक्क्यांचा मुलगा

फ्रेमच्या दुकानात फुटके देव फार येतात. काच तडकलेली असते, भिंतीच्या ओलीने लक्ष्मीचा पाय गेलेला असतो, वाळवीने दत्ताचं एखादं मुख खाल्लेलं असतं. नाशिकला दहीपुलाजवळ माझं दुकान आहे, वडिलांच्या वेळेपासूनचं. गिऱ्हाईक तसबीर काउंटरवर ठेवतं आणि आवाज खाली आणून विचारतं, "खंडित झालंय, घरात चालेल का हो?" मी म्हणतो, काच बदलून देतो, देवाला काही झालेलं नाही. काहीजण ऐकतात. बाकीचे जुनी तसबीर गोदाघाटावरच्या पिंपळाखाली ठेवून येतात आणि माझ्याकडून नवी करून नेतात. म्हणजे या समजुतीवर माझं घर चालतं, पण ती मला कधी पटली नाही.

शास्त्राचं म्हणणं सरळ आहे. भंगलेली मूर्ती पूजेला चालत नाही, ती विसर्जित करायची. पूजा सांगणारा अव्यंग हवा, बळीचा पशूसुद्धा अव्यंग हवा. आणि तिकडे पुरीला जगन्नाथ बसला आहे, धड हात नाहीत, पाय नाहीत, नुसते वाटोळे डोळे. राजा इंद्रद्युम्नाला दम निघाला नाही, त्याने मुदतीआधी दार उघडलं आणि सुतार काम अर्धवट टाकून नाहीसा झाला, अशी कथा सांगतात. मूर्ती तशीच राहिली आणि तशीच पुजली गेली. तिथे कोणी विचारत नाही, चालेल का.

आमच्या जिल्ह्याची देवी याच्या उलट. वणीच्या गडावरची सप्तशृंगी अठरा हातांची. 2022 साली तिच्यावरचं शेंदराचं कवच उतरवलं आणि आतलं रूप दिसलं, तेव्हा कितीतरी दिवस मी नव्या फोटोंच्याच फ्रेमा ठोकत होतो. अठरा हात असलेल्या बाईला कोणी व्यंग असलेली म्हणत नाही. हात जास्त असले की देवपण, कमी असले की पाप, हा हिशेब कोणी घातला कोण जाणे.

खरं तर घातलेला आहे, लेखी आहे. मनुस्मृतीच्या 11व्या अध्यायात यादीच आहे: दिवा चोरणारा आंधळा जन्मतो, घोडा चोरणारा लंगडा. मनुस्मृती आज कोणी उघडत नसेल, पण ती यादी पाठ असल्यासारखी लोकांच्या तोंडी असते. दुकानात एक आई मुलाला घेऊन उभी असते, मूल हातवारे करत असतं, आणि दुसरं गिऱ्हाईक आपल्या बायकोला हळूच म्हणतं, "काय भोग असतात एकेकाचे." आईला ऐकू जातं. दर वेळी जातं.

ही आई आणि तिचा मुलगा एका विशेष शाळेमुळे माझ्याकडे आले. नाशिकला अशा शाळा नव्या नाहीत. रजनीताई लिमये यांनी स्वतःच्या मुलाच्या निमित्ताने 1977 मध्ये प्रबोधिनी सुरू केली, तेव्हा मतिमंद मुलांना शाळा असते हेच पुष्कळांना ठाऊक नव्हतं. मी म्हणतो ती शाळा वेगळी, लहान. तिथल्या ताई दरवर्षी 3 डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनाला, मुलांच्या चित्रांचं प्रदर्शन भरवतात. सभागृह दोन दिवसांपुरतं भाड्याने मिळतं. फ्रेमा मी करून देतो, पट्टी आणि काच धरून मूळ भावात. फुकट करत नाही. फुकट केलेल्या फ्रेमचे कोपरे नीट जुळत नाहीत, हा माझा अनुभव आहे.

त्या मुलाचं चित्र आलं तेव्हा मी माउंट कापत होतो. जुन्या कॅलेंडरची पाठ, त्यावर निळ्या बॉलपेनने काढलेली सप्तशृंगी. पेन इतकं दाबून फिरवलेलं की कागद उलटा केला तर बोटांना रेघा लागत होत्या. चेहरा लहान, एका बाजूला कललेला, गडावरच्या मूर्तीसारखाच. हात मात्र अठरावर थांबलेच नव्हते. खांद्यापासून, कमरेपासून, पदरातून हात निघाले होते आणि प्रत्येक हातात काहीतरी होतं. एका हातात त्रिशूळ, तो ओळखीचा. दुसऱ्यात कुकर, शिट्टीसकट. तिसऱ्यात एसटीचं स्टिअरिंग, मग ताईंचा चष्मा, मग नळ, नळातून पडणारं पाणी चार ठिपक्यांचं. कुठल्या हाताला पाच बोटं, कुठल्याला सात. उजवीकडचे शेवटचे तीन हात कागद संपला म्हणून मनगटाशी तुटले होते.

मी नेहमीच्या सवयीने दोन इंची माउंट लावला. चित्र घ्यायला मुलगा स्वतः आला. त्याने फ्रेमकडे पाहिलं, माझ्या टेबलावरचं पेन उचललं आणि त्या तीन हातांचे पंजे पांढऱ्या माउंटवर काढायचे म्हणून काचेवर रेघा ओढू लागला. उठेनात. पेन काचेवरून घसरत होतं. त्याची आई ओशाळली. मी फ्रेम उलटी करून मागच्या चुका उपटल्या, काच काढली आणि चित्र त्याच्यापुढे ठेवलं. त्याने माउंटवर पंजे पुरे केले. शेवटचा पंजा तिथेही मावेना, तो लाकडी पट्टीवर गेला. मग त्याने पेन ठेवलं आणि बाहेर जाऊन उभा राहिला. त्याच्यापुरतं काम संपलं होतं.

आमच्या धंद्यात चित्र कुठे संपतं हे आम्ही ठरवतो. माउंट कापला की चित्र संपलं. या पोराने ते मान्य केलं नाही, आणि तेव्हापासून मी त्या चित्राकडे चित्र म्हणूनच पाहतो आहे, कौतुक म्हणून नव्हे.

प्रदर्शनात मात्र माझं आणि ताईंचं वाजलं. प्रत्येक चित्राखाली छापील चिठ्ठी होती: नाव, वय आणि खाली "बौद्धिक दिव्यांगत्व, 65 टक्के". प्रमाणपत्रावर असतात तेच टक्के. लोक यायचे, आधी खाली वाकून चिठ्ठी वाचायचे, मग वर बघायचे आणि म्हणायचे, "अरे वा, असं असूनसुद्धा!" मी ताईंना म्हटलं, टक्के काढा. कुठल्या चित्रकाराच्या चित्राखाली त्याचा रक्तदाब लिहितात? ताई म्हणाल्या, "काढते. मग लोक म्हणतील, हे कुठल्या शाळकरी पोराचं? पुढे जातील. दादा, तुम्हाला चित्र कळतं, लोकांना कारण लागतं." त्यांचंही खोटं नव्हतं.

आर्ट कॉलेजची मुलं सबमिशनच्या फ्रेमा करायला येतात, कॉफी पीत बसतात, त्यांच्याकडून मला कळलं की हा वाद जगभर आहे. शिक्षण न घेतलेल्यांच्या, वेड्यांच्या इस्पितळात राहिलेल्यांच्या चित्रांना फ्रान्सच्या द्युब्युफेने 1945 मध्ये वेगळं नाव दिलं, त्यांचा संग्रह केला. त्याच्या आधी, 1922 मध्ये, जर्मनीतल्या प्रिंझहॉर्न नावाच्या डॉक्टरने मनोरुग्णांच्या चित्रांवर पुस्तक लिहिलं होतं. त्या पुस्तकातला एक चित्रकार म्हणजे फ्रान्झ ब्यूलर, कुलुपं आणि लोखंडी जाळ्या घडवणारा कारागीर. चित्रं पाहून मोठमोठे चित्रकार थक्क झाले. 1940 मध्ये नाझींनी ब्यूलरला ग्राफेनेकला नेऊन विषारी वायूने मारलं. त्याची चित्रं आहेत. हे ऐकल्यापासून टक्केवारीची चिठ्ठी पाहिली की माझ्या पोटात कालवतं. माणसाच्या अंगावर आकडा लिहिणारे सगळे मारेकरी नसतात, आमच्या ताई तर नव्हेतच, पण आकडा एकदा लिहिला की तो कोण कसा वाचेल ते आपल्या हाती राहत नाही.

मग चिठ्ठीच नको, शरीराचा उल्लेखच नको, असं म्हणावं का? काही दिवस माझं तेच मत होतं. ते टिकलं नाही, आणि त्याला कारण कीर्तन.

आमच्या घरी वारी आहे. लहानपणापासून दोन कथा ऐकत आलो. एक गोरोबाकाकांची. तेरच्या या कुंभाराने विठ्ठलाच्या शपथेसाठी स्वतःचे हात तोडून घेतले. पुढे पंढरपुरात नामदेवांच्या कीर्तनात टाळी वाजवायची वेळ आली आणि हात पुन्हा फुटले. लोक रडतात या कथेला. दुसरी कूर्मदासाची. हा पैठणचा, हात नाहीत, पाय नाहीत. पोटावर सरपटत, गडगडत पंढरीला निघाला. माढा तालुक्यातल्या लऊळपर्यंत आला आणि अंग चालेना. उद्याची एकादशी गाठता येत नाही म्हणून त्याने वारकऱ्यांजवळ निरोप दिला. आणि विठोबा उठून लऊळला आला. आजही तिथे देऊळ आहे.

या दुसऱ्या कथेत एक गोष्ट घडत नाही, ती मला फार महत्त्वाची वाटते. कूर्मदासाला हातपाय फुटत नाहीत. देवाला ते अवघड होतं असं नाही. गोरोबांना दिलेच होते की. इथे देव भक्ताची दुरुस्ती करत नाही, उरलेली वाट स्वतः चालतो. भेट पंढरपुरात होत नाही, कूर्मदासाची ताकद जिथे संपली तिथे होते. आणि म्हणूनच कूर्मदासाचं शरीर कथेतून काढता येत नाही. ते काढलं तर लऊळ राहतच नाही, पंढरपूरच राहतं.

आपलं सगळं पुण्य गोरोबांच्या कथेवर चाललेलं आहे. "असं असूनसुद्धा" म्हणणारा मनातल्या मनात त्या मुलाला हात फुटताना बघत असतो: जवळजवळ आपल्यासारखं काढलंय, शाबास. पण त्या देवीचे कागदाबाहेर गेलेले हात "असूनसुद्धा" नाहीत. ते त्या मुलाच्या नजरेतून, त्याच्या दाबून लिहिण्यातून, न थांबण्यातून आलेले आहेत. आर्ट कॉलेजातून पाच वर्षं शिकून आलेला माणूस कडेला थांबतो. थांबायलाच शिकवलेलं असतं त्याला.

अमेरिकेत ओकलंडला 1974 पासून अपंग कलावंतांसाठी क्रिएटिव्ह ग्रोथ नावाची कार्यशाळा आहे, तिला जोडून स्वतःची गॅलरी. तिथे ज्युडिथ स्कॉट नावाची बाई 1987 मध्ये आली. डाउन सिंड्रोम, आणि बहिरी. ती बहिरी आहे हेच लहानपणी कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, शिकण्यालायक नाही म्हणून 35 वर्षं संस्थेत ठेवलेली. ती सापडेल त्या वस्तूला सूत गुंडाळत बसायची, कोश विणल्यासारखी, आत काय आहे ते दिसेनासं होईपर्यंत. तिला चांगलं चित्र काढायला कोणी लावलं नाही. सूत दिलं, टेबल दिलं, वेळ दिला. 2005 मध्ये ती गेली, आज तिची कामं मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत. लऊळला जाणं म्हणजे माझ्या मते एवढंच: सूत, टेबल, वेळ, आणि कायमची भिंत. दोन दिवसांचं भाड्याचं सभागृह म्हणजे एकादशीपुरतं दर्शन.

नाशिकला 2027 च्या कुंभमेळ्यासाठी घाट आणि रस्ते होत आहेत, त्यात अशी एखादी भिंत कोणाच्या आराखड्यात असेल असं मी धरून चाललेलो नाही. सध्या माझ्या दुकानातली डावीकडची भिंत मी मोकळी केली आहे. चित्रं जरा खाली टांगली आहेत, चाकाच्या खुर्चीतून दिसतील अशी. चिठ्ठीवर नाव मोठ्या अक्षरात, वय नाही, टक्के नाहीत. कोणी विचारलं की हे कसं काढलं, तर मी सगळं सांगतो: मुलगा बोलत नाही, पेन दाबून धरतो, कागद संपला तरी थांबत नाही. ताईंना हा तोडगा अर्धाच पटला आहे. पैसे येतात ते मुलाच्या खात्यावर जातात, त्याबद्दल मात्र आमचं एकमत आहे.

परवा एक गृहस्थ सत्यनारायणाची फ्रेम न्यायला आले होते, सप्तशृंगीपाशी थांबले. बराच वेळ पाहिलं. मग पाकिटातून पाचशेची नोट काढली, "शाळेसाठी ठेवा, तेवढंच पुण्य." मी म्हटलं, पावतीपुस्तक शाळेत आहे, हे दुकान आहे. चित्र हवं असेल तर साडेचार हजार. ते चमकले. नोट परत पाकिटात गेली. पुन्हा चित्राजवळ गेले, पट्टीवर गेलेला पंजा बोटाने चाचपला. "हे पट्टीवर शाई लागलीये," म्हणाले. मी म्हटलं, ते चित्रातलंच आहे. "मग साडेतीन करा." दानाला कोणी घासाघीस करत नाही. मी स्टूल पुढे केलं, चहा सांगितला. ते साडेतीनवरून हलेनात, मी सव्वाचारवरून. शेवटी चार हजारांवर ठरलं.